लख्ख ओटा

मुलं रोज उशिरा येतात, घराला जरा हातभार लावा, असं शाळेनं कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवलं. कौन्सिलची माणसं मुलं उचलून नेतात, असं मुलांची आई, जोडी, लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं दोन दिवस घर घासून काढलं.

कौन्सिलच्या मॉरीनबाई आल्या तेव्हा ओटा लख्ख होता, बूट ओळीत होते आणि दोन्ही मुलं भांग पाडून सोफ्यावर गप्प बसली होती. बाईंनी चहाचा मग घेतला. त्यांची नजर मात्र जोडीच्या बोटांवर होती. ब्लीचनं सालटी निघाली होती.

"शेवटची नीट झोपलीस कधी गं?"

"मी मजेत आहे. बघा ना, सगळं कसं टापटीप आहे!"

"दिसतंय. माझ्या आईनंही असाच ओटा चमकवला होता. कौन्सिलची बाई आली, बघून खूश झाली आणि फाइल बंद करून गेली."

"मग?"

"मग पुन्हा मदतीला कोणीच आलं नाही, पोरी."

चहा संपवून मॉरीनबाई उठल्या.

"उद्या सकाळी साडेसातला येते. तोवर एक जरी भांडं घासलंस तर याद राख!"