नुसता वास

सुरक्षाताईने झाकण काढलं आणि बाटली पहिल्या रांगेतल्या बाईच्या नाकाशी धरली. "घाबरू नका, यात फवारणीचं औषध नाही. नुसता वास आहे. चुकून कोणी औषध पिऊ नये म्हणून कंपनी मुद्दाम घालते तो. हा वास घरात आला की काय करायचं?"

बाईने हुंगलं. "कसला वास, ताई?"

बाटली पुढे गेली. फळबागेत फवारणी करणाऱ्या माणसांच्या या बायका, कंपनीने बांधून दिलेल्या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या. प्रत्येकीने बाटली नाकाला लावली, शेजारणीकडे बघितलं आणि पुढे सरकवली. "पाणी भरून आणलं वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

बाटलीतला वास उडाला असेल म्हणून सुरक्षाताईने स्वतः हुंगून पाहिली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुजकट, घशात रुतून बसणारा वास. कंपनीच्या समाजसेवा विभागात ती कित्येक वर्षं हेच काम करत होती. फवारणीतले धोके समजावत फिरायची, म्हणून तिचं नावच सुरक्षाताई पडलं होतं. लोक नाकं मुरडायचे, शिव्या घालायचे. कोणाला वासच येत नाही, असं कधी झालं नव्हतं.

कोपऱ्यातल्या आजीने बाटली पुन्हा मागून घेतली आणि डोळे मिटून हुंगली. "हा तर आमच्या घरासारखाच वास येतोय. मला वाटलं, तुम्ही दुसरं काही म्हणताय."

या वेळी कोणी हसलं नाही.

"चला," सुरक्षाताई म्हणाली, "घर दाखवा मला."

सभागृहामागे बागेला लागून एक खोली. आजीने दार ढकललं आणि तो वास अंगावर आला. फोटो काढायला मागोमाग आलेला ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून बाहेरच थांबला. आत आजीची सून भाजी निवडत बसली होती. लाकडी पलंगडीत तिचं बाळ गाढ झोपलं होतं, एका निळ्या शर्टात तोंड खुपसून. शर्टाची कॉलर कडक झालेली, बाह्यांवर पांढरट डाग.

"याच्या बाबांचा फवारणीचा आहे," सून कौतुकाने म्हणाली. "त्याशिवाय झोपतच नाही. माझ्या आईकडे गेलो तर रात्रभर आकांत. निरोप धाडून शर्ट मागवला, तेव्हा कुठे डोळा लागला."

"अहो, विष आहे हे!" सुरक्षाताईने शर्ट ओढून काढला, पिशवीत कोंबून गाठ मारली. खिडकी उघडली. साबणाच्या पाण्याने बाळाला स्वतः धुऊन काढलं, अंथरूण बदललं, सुनेलाही अंघोळ करून धुतलेले कपडे घालून यायला लावलं. बाळ टाहो फोडत होतं. आजी भिंतीला टेकून बघत राहिली.

मग बाळ एकाएकी गप्प झालं.

पलंगडीच्या कठड्याला धरून ते बसलं होतं. नाकपुड्या फुलवत त्याने तोंड आजीकडे वळवलं, मग सुरक्षाताईकडे, मग ओल्या केसांनी आत आलेल्या आईकडे. कुठेच थांबलं नाही. आईने हात पुढे केले. "ये रे माझ्या राजा." बाळ अंग चोरून मागे सरकलं. परक्या माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघू लागलं.

"अंघोळ केली की असंच करतो," सून म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "ओळखत नाही मला. अंगाला पुन्हा वास लागेपर्यंत बसून राहावं लागतं."

सुरक्षाताईने गाठ मारलेली पिशवी उचलली. "गाडी बाहेर आहे," ती कशीबशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ."

"नेऊ की. आधी ओळखू तर दे मला."

सून उठली. तिने खिडकी लावली, कडी घातली आणि पलंगडीजवळ येऊन मांडी घालून बसली. बाळ अजून तिच्याकडे तसंच बघत होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "जाताना तेवढं दार ओढून घ्याल?"