नेहमीची पेशंट

नाकाला रुमाल लावून वृंदा आजही वडिलांसमोर स्टुलावर बसली. निवृत्त डॉक्टर असलेले ते आपल्या मुलीला विसरले होते, पण पेशंट दिसला की खुलायचे. म्हणून ती रोज सर्दीचं नाटक करायची.

"सर्दीला औषध का नाही, ठाऊक आहे?" ते रंगात आले. "विषाणू दोनशे जातींचे! शरीर एकाला ओळखायला शिकतं, तोवर दुसराच नवा चेहरा घेऊन दारात उभा!"

आज ती हसली नाही. त्यांनी चष्मा वर करून तिचे लाल डोळे न्याहाळले.

"ही सर्दी नाही, बाळ. तू रडली आहेस." लिहायला घेतलेली चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली. "घरी जा, आईच्या कुशीत शीर. याला दुसरं औषध नाही."

कालच आईला अग्नी देऊन आलेल्या वृंदानं मान डोलावली. "बरं, डॉक्टर."