गॅरेजची पाहणी

“मानांग, इथला तेलाचा डाग कुठे गेला?” नेनिताने गॅरेजच्या जमिनीकडे बघत विचारलं.

“पुसला,” मानांग कोरिंग शांतपणे म्हणाल्या. गॅरेजमधल्या या म्हाताऱ्या भाडेकरणीला सगळे ‘मानांग’, म्हणजे थोरली ताई, म्हणत. “पहाटे येऊन घासला. भांड्यांच्या साबणाने.”

“अहो, दादोने तो मुद्दाम पाडला होता! गॅरेज वाटावं म्हणून!”

“मग तसं मला सांगायचं. एवढा डाग बघून कॉफी तरी गोड लागते का माणसाला?”

नेनिताने कपाळावर हात मारून घेतला. दहा वाजता शहराच्या बांधकाम खात्याचा माणूस येणार होता. परवान्याशिवाय गॅरेजमध्ये भाडेकरू ठेवल्याची तक्रार गेली होती. कोणी केली ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून गेले दोन आठवडे ती गल्लीतल्या प्रत्येकाकडे संशयाने बघत होती. परवाना काढायचं दर वर्षी ठरायचं. दर वर्षी तिचा नवरा दादो म्हणायचा, “आपण होऊन सांगायला गेलो आणि पाडून टाका म्हणाले तर?” आणि विषय तिथेच मिटायचा. आता खोली बेकायदा ठरली की मानांगना सामान उचलावं लागणार होतं, आणि त्यांच्या पेन्शनीत लॉस एंजेलिसच्या आसपास कोणी त्यांना माळासुद्धा दिला नसता.

रस्त्याकडचं मोठं दार जसंच्या तसं होतं. त्याच्या आतून दादोने स्वतःच्या हाताने भिंत उभी केली होती. जायचं-यायचं ते अंगणातल्या बाजूच्या दाराने. काल संध्याकाळी दोघांनी मिळून मानांगची खाट, कपाट आणि येशूची तसबीर घरात हलवली. त्या जागी गवत कापायचं यंत्र, जुने टायर आणि नाताळचे कंदील आणून भरले. स्वयंपाकाचा ओटा दिसू नये म्हणून त्याच्यापुढे फिलिपिन्सला पाठवायच्या मोठमोठ्या खोक्यांची थप्पी लावली.

कामावर जाताना दादोने तिला पोपटासारखं पढवलं होतं. “मोठं दार उघडा म्हणाला, तर मोटर बिघडलीय. मानांग कोण म्हणाला, तर माझी आत्या, आमच्यातच राहते. आणि विचारेल तेवढंच बोल. तुझी जीभ एकदा सुटली की आपलं वाटोळं.”

“मी मुकाट्याने भाच्याकडे गेले असते तर तुमच्यामागची कटकट मिटली असती,” घरात परतल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसत मानांग म्हणाल्या.

“तुम्ही गेलात तर माझ्याशी भांडणार कोण? गप्प बसा. आणि तो येईल तेव्हा त्याला खायला-बियला काही विचारू नका.”

“बरं बाई. उपाशी पाठव त्याला.”

तो आला तो बरोबर दहाला. वयाने तिच्या थोरल्या मुलाएवढा, हातात कागद अडकवलेली पाटी, पायांत जाड तळव्यांचे बूट. अतिशय नम्रपणे बोलत होता, त्यामुळे नेनिताला जास्तच धडकी भरली. मोठ्या दारासमोर तो थांबला.

“मोटर बिघडलीय,” त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली.

त्याने नुसती मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. मग खिडकीतल्या मानांगकडे पाहिलं.

“आत्या. नवऱ्याची. आमच्यातच राहतात.”

त्याने तेही लिहिलं. “बाजूचं दार उघडता का जरा?”

तिने कुलूप काढलं. दार उघडल्यावर त्याने बाहेरूनच आत नजर टाकली. यंत्र, टायर, कंदील, खोके. त्याचा चेहरा सैलावल्यासारखा वाटला, तसा नेनितालाही जरा धीर आला. ती पुढे होऊन आत शिरली आणि कोणी न विचारता बोलायला लागली. “हे यंत्र नवऱ्याचं, हात लावू देत नाही कुणाला. टायर कधीचे टाकायचेत. खोके नाताळच्या आधी बहिणीकडे जायचेत, भरतेय आपली हळूहळू. अडगळ नुसती, दुसरं काय!”

मागून पावलं वाजेनात, तेव्हा ती वळली.

तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. टायरांकडे त्याचं लक्ष नव्हतं, खोक्यांकडेही नव्हतं. तो खाली बघत होता. उंबऱ्यापाशी तिच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट काढून ठेवलेल्या.

नेनिताने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. कधी काढल्या ते तिला आठवेना. मानांगच्या खोलीत ती चपला घालून कधी गेलीच नव्हती.

“गॅरेजमध्ये जाताना चपला काढता तुम्ही?” त्याने विचारलं.

दादोने पढवलेल्यात हे नव्हतं. आता एकच कागद आणि मानांग रस्त्यावर, तेही माझ्यामुळे, हे एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. तिकडे खिडकीत मानांग परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. त्याने पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्याने पाटी काखेत धरली, एक गुडघा टेकला आणि कुणाच्या घरात शिरण्याआधी सोडावी तशी बुटाची नाडी सोडायला घेतली. एका बुटाची झाली, दुसऱ्याची सुरू केली. नेनिता अनवाणी उभी होती.

“किती वर्षं राहतात त्या इथे?” मान वर न करता त्याने विचारलं.

“आठ,” नेनिता म्हणाली.