कुंभार्लीचं तिसरं वळण

इंजिन ट्यून झालं, तरी ट्रकचं ॲव्हरेज वाढेना. तेव्हा कासम मिस्त्रींनी इंजिनाला लावलेली तपासणी मशीनची तार काढून ड्रायव्हर हणमंतरावांच्या कपाळाला लावली आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. बिघाड तुमच्यात आहे. कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या वळणावर दर खेपेला तुमचा पाय उचलला जातो."

"तिथं माझा सत्या गेला, भाई. माझ्याच गाडीवर क्लीनर होता."

"ते डोक्यातून काढून टाकता येतं. नाहीतर मालक ड्रायव्हरच काढून टाकतात."

हणमंतरावांनी कपाळावरची तार बोटांनी दाबून धरली. "फक्त वळण काढा. पोराला हात लावू नका."

"बघतो," कासमभाई म्हणाले. गाडी संध्याकाळपर्यंत देतो म्हणताना त्यांचा स्वर असाच असायचा.

दुसऱ्या दिवशी ट्रक एका दमात घाट चढला. ॲव्हरेज झकास आलं. समोर टांगलेला झेंडूचा हार आपण कुणासाठी घेतला, ते मात्र हणमंतरावांना आठवेना. तेवढ्यात घरून पारूबाईंचा फोन आला.

"वळणावर थांबलात ना? सत्याला हार घातलात?"

"कुठला सत्या गं?"

पलीकडून आवाजच येईना. घाटात रेंज जाते, हे हणमंतरावांना पक्कं आठवत होतं.