दहावी किल्ली फुकट

"बाबा, खेकसून गिऱ्हाईक टिकत नाही. नऊ किल्ल्यांवर दहावी फुकट द्या, कॉफी विचारा, आणि कुणाच्या घराची, कशाला हवी, या चौकशा आधी बंद करा," सिग्नेनं बजावलं होतं. किल्ल्या बनवणाऱ्या प्रेबेननं लेकीचं ऐकलं, आणि ओडेन्समधल्या त्याच्या दुकानाला पहिलं नेमाचं गिऱ्हाईक लाभलं. गोड बोलणारा एक तरुण, दर खेपेला वेगळीच किल्ली आणायचा. आज त्यानं दहावी आणली. तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. प्रेबेननं काही न विचारता तशीच दुसरी बनवून दिली, वर कॉफीही पाजली.

संध्याकाळी सिग्नेचा फोन आला.



"बाबा, माझी हरवलेली किल्ली मिळाली. कुणीतरी भला माणूस दारातल्या पत्रपेटीत टाकून गेलाय. लाल ठिपक्यावरून लगेच ओळखली मी."