मांडीवरचा काळा गोल

गोष्ट १९७१ सालची. चित्रकार मेहुण्यांच्या पहिल्या प्रदर्शनात ताईचं चित्र मधोमध टांगलं होतं: निळे पट्टे, तिरका चेहरा, मांडीवर मोठा काळा गोल. वर्तमानपत्राचे समीक्षक भरल्या दालनात म्हणाले, “हा गोल म्हणजे वांझ बाईची रिकामी कूस.” ताईला मूल नव्हतं, सगळे तिच्याकडे बघू लागले. ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, गोल कसला आहे ते सांगा की!” मेहुणे बुटांकडे बघत पुटपुटले, “चित्राचे अनेक अर्थ असतात.” “मग माझा ऐका,” ताई कडाडली. “यांना हात काढता येत नाहीत. महिनाभर मला बसवलं, बोटांची गाजरं केली आणि शेवटी वैतागून त्यावर काळं फासलं!” समीक्षकांनी तरीही आपलंच छापलं. मेहुणे पुढे काळ्या गोलांसाठीच नावाजले. ताईनं संसार शेवटपर्यंत केला, पण त्यांच्यासमोर ती पुन्हा कधी बसली नाही, जेवायलासुद्धा.