माता क्रमांक सात
प्रबंधासाठी मी संशोधन पद्धती धुंडाळत होते. एका संकेतस्थळावर याद्या नव्हत्या, गोलांचा नकाशा होता; एका गोलावर क्लिक केलं की त्याच्यातून लहान गोल फुटायचे. ‘निरीक्षण’मधून ‘घरातलं निरीक्षण’ निघालं, त्यातून ‘नमुना नोंदी’, आणि त्यात एक फोटो. चेहरा पुसट केलेला, पण फाटक्या खिशाचा गाऊन माझाच होता. खाली लिहिलं होतं: ‘माता क्रमांक सात. बाळंतपणानंतरचा बारावा दिवस. बाळ रडलं की म्हणते, ने याला, मला नको.’ हे वाक्य मी जगात एकाच माणसाजवळ बोलले होते. कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या नणंदेजवळ. तेव्हा तिनं माझ्या कमरेला गरम पाण्याची पिशवी धरली होती आणि ‘बोल गं, मोकळी हो’ म्हणाली होती. लॅपटॉप तसाच उचलून मी बाहेरच्या खोलीत गेले. ती आता आठ महिन्यांच्या झालेल्या बाळाला मांडीवर खेळवत होती. ‘ताई, हे काढून टाक.’ तिनं चष्मा वर करून पाहिलं. ‘अगं, नाव कुठे आहे तुझं? मुली शिकतात यावरून. माझ्या वर्गात सगळ्यांना हीच नोंद आवडते.’ आवडते! मी बाळ तिच्या मांडीवरून उचललं. ते तिच्याकडे झेपावत भोकाड पसरून रडायला लागलं. ‘बघ,’ ती मायेनं म्हणाली, ‘दे इकडे.’ मी दिलं नाही.